तिसऱ्या गाण्यावर गेलेले दिवे

१

वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. आणि मायाताईचं चुकलं ते एवढंच, की ती हे मोठ्यानं बोलून गेली.

बोलायची काय घाई होती? कमाल चौकातलं ते रिपेरिंगचं दुकान तिच्या बापाचं. बळीराम रामटेके रेडिओ दुरुस्त करायचे, पोरगी ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड दुरुस्त करते. बाप म्हणायचा, "बिमारी सापडली का लगेच नाव घेऊ नको वं. आधी पाणी पी." पण वीस वर्षांची सवय जाते का? दोष हाताला लागला की तो तोंडातून बाहेर पडायचाच. गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि खरं सांगायचं तर तिलाही आवडायचं ते.

त्या बुधवारी टेबलावर होती नागसेनभाऊंची बेस गिटार. जाड चार तारांची, पस्तीस वर्षांची जुनी. तिच्या मानेच्या वरच्या कडेला सात बारीक दिवे बसवलेले. वाजवणाऱ्यानं खाली बघितलं की त्यालाच तेवढे दिसतात. समोरच्या पब्लिकला नाही आणि शेजारी उभ्या माणसालाही नाही. अंधाऱ्या स्टेजवर बोट कुठं ठेवायचं ते त्यावरून कळतं. आठ वर्षांपूर्वी हे दिवे मायाताईनंच बसवून दिले होते.

गिटार घेऊन आले होते सुजाता संगीत संचाचे मालक आनंदराव, कीबोर्डवाला सौरव, आणि गिटारची पेटी उचलून अंकित. दहा दिवसांपूर्वी काटोलला त्यांचा भीमगीतांचा कार्यक्रम झाला. मध्यंतरानंतरच्या तिसऱ्या गाण्यात नागसेनभाऊ मधेच थांबले. "माझे दिवे गेले," एवढं म्हणाले आणि स्टेज उतरले. तीस वर्षांत हा माणूस कधी गाण्यात अडखळला नव्हता. अंकित त्यांचाच चेला. त्यानं तीच गिटार गळ्यात घातली आणि उरलेली दहा गाणी निभावून नेली. कार्यक्रम संपल्यावर गिटार नागसेनभाऊंच्या घरी गेली, ती आज दुकानात आली होती.

मायाताईनं आधी बॅटरी काढली. उतरली होती. ती बाजूच्या डब्यात टाकून नवी लावली, तरी उजेड नाही. बटण ठीक, जॅक ठीक. मग तारा सैल करून मानेचे चार स्क्रू खोलले. एक तिरपा बसला होता आणि भोवतीच्या लाकडावर पेचकस घसरल्याचे ओरखडे होते. मान उचलली तर आत दोन्ही वायरी एका घावात कटरनं छाटलेल्या.

"हे तुटलं नाही, आनंदरावदादा," ती म्हणाली. "कोणीतरी कापलं."

सौरवनं अंकितकडे पाहिलं, मग आनंदरावांनी. मध्यंतरात सगळे चहाला गेले तेव्हा गिटारजवळ एकटा अंकित थांबला होता. त्याच्या पिशवीत पेचकस, कटर सगळं असतं, आणि नागसेनभाऊ उतरले तर जागा कोणाची हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू केलं हे?" आनंदरावांनी विचारलं.

अंकितनं मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

"पेटी ठेव खाली," आनंदराव म्हणाले. "अन् उद्यापासून रियाजले येऊ नको."

२

दोन दिवसांनी दुकानाच्या दारात एक बाई उभी. मिहानमधल्या एका कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, डोळे रडून लाल.

"मी दीपमाला. अंकितची मोठी बहीण."

"बस वं," मायाताई म्हणाली.

"बसाले नाही आली, ताई. तुमी एक वाक्य बोलल्या अन् माझ्या भावाले चोरावानी हाकललं. इंदोऱ्यापासून टेका नाक्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच. गुरूची वायर कापली म्हणे! तीन संचवाल्यांना फोन केला, तिघंही नाही म्हणाले. चौदा एप्रिल महिन्यावर आली. यंदा कोणी नाही घेतलं तं त्याले पुढंही कोणी विचारणार नाही."

"तो सोताच काही बोलला नाही ना."

"तेच तं! घरीही बोलून नाही राहिला. जेवत नाही, वाजवत नाही. मा म्हणते, पोरानं केलं असन म्हणूनच गप्प आहे." दीपमालाचा आवाज फाटला. "सख्खी माय असं म्हणून राहिली, ताई."

ती गेली. मायाताई हात धुवायला उठली ती मोरीपाशीच उभी राहिली. आपण दोष शोधला होता, माणूस नव्हता शोधला. आणि आपल्या शब्दावर एका पोराला सुळी दिलं लोकांनी! तिला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

मग ती गिटारपाशी येऊन बसली आणि त्या दिवशी करायला हवं होतं ते आता केलं. म्हणजे आधी पाणी प्यायली.

मध्यंतरात वायर कापली म्हणता? बरं. वायर कापली की दिवे त्याच क्षणी मेले. मध्यंतरानंतर नागसेनभाऊंनी दोन गाणी धडाक्यात वाजवली आणि तिसऱ्यात थांबले. कापलेली वायर दोन गाणी दम धरते का? आणि मान खोलायची तर चारही तारा सैल करा, स्क्रू काढा, परत बसवा, परत सुरात आणा. पाऊण तासाचं काम पंधरा मिनिटांच्या चहात होत नाही.

म्हणजे मध्यंतरात कोणी काही केलेलं नव्हतं. आणि स्टेजवर, हजार माणसांसमोर, गिटारची मान कोण खोलणार?

३

सौरवकडे जायचं तिच्या जिवावर आलं होतं. हा माणूस वर्षानुवर्षं म्हणत आला होता, की बेसवाल्याची गरजच काय, कीबोर्डच्या डाव्या हातावर सगळं होतं. पण बिमारी शोधायची तर नावडता स्क्रूही खोलावा लागतो. ती सदरला त्याच्या क्लासवर गेली.

"माझ्यावर शक आहे का?" त्यानं दारातच विचारलं.

"सगळ्यांवर आहे. माझ्यावरही आहे. तिसऱ्या गाण्यात काय झालं ते सांग."

सौरव जरा नरमला. "संथ गाणं होतं. लाइटवाल्यानं पूर्ण स्टेज अंधारा केला, फक्त गाणारीवर एक उजेड. नागसेनभाऊ मुखड्यापर्यंत बरोबर होते. मंग हात असा थांबला." त्यानं हवेत बोटं थांबवून दाखवली. "खाली पाह्यलं, डोळे चोळले, परत पाह्यलं. अन् म्हणाले दिवे गेले."

"तुले दिसले का गेलेले?"

"मले कसे दिसन? ते तं ज्याच्या गळ्यात गिटार त्यालेच दिसते. तुमीच तं तसे बसवले." त्यानं दार ओढून घेतलं. "ताई, एक सांगू? सहा महिन्यांपासून भाऊंचा हात चुकून राहिला होता. बारीकसारीक. म्या बोललो नाही. मी बोललो असतो तं लोक म्हणाले असते, याले भाऊंची जागाच खायची आहे."

मायाताई बसमध्ये बसली आणि सौरवचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. ज्याच्या गळ्यात गिटार त्यालाच दिसतं. पहिली बारा-तेरा गाणी ती नागसेनभाऊंच्या गळ्यात होती. पण शेवटची दहा कोणाच्या होती?

तिनं पुढच्या स्टॉपवर उतरून टेका नाक्याची ऑटो पकडली.

४

अंकित ओट्यावर बसून लसूण सोलत होता. पंचविशीचा उंच पोरगा, तीन-चार दिवसांत निम्मा झालेला. मायाताईला बघून उठला, "जय भीम, ताई" म्हणाला आणि परत खाली बसला.

"जय भीम. एकच विचाराले आली. तुझ्या गळ्यात गिटार आली तेव्हा दिवे चालू होते का बंद?"

पाकळी हातातून निसटली. "ध्यान नाही दिलं."

"नाकाखाली सात दिवे अन् दहा गाणी. अन् ध्यान नाही?"

"मी पट्टीकडे पाहून वाजवत नाही. काकांनीच तसं शिकवलं."

"अंकित, बेटा, तुयी बहीण रडून गेली माझ्या दुकानात."

त्याचे डोळे भरले. त्यानं लसणाची आणखी एक पाकळी सोलली. मग एकदम म्हणाला, "ताई, म्याच कापली वायर. आनंदरावदादांना तसं सांगून द्या. संपवा हे."

क्षणभर मायाताईला ते खरंच वाटलं. पण वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या थापा ऐकल्या होत्या तिनं. 'आपोआप बंद पडलं' म्हणणाऱ्यांनी आत चहा सांडलेला असतो.

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "कोणत्या रंगाच्या होत्या रे वायरी?"

"लाल अन् काळी."

सगळ्याच बॅटरीच्या असतात लाल आणि काळी. पण आठ वर्षांपूर्वी दुकानात तशी वायर संपली होती, म्हणून तिनं टेलिफोनची करडी वायर टाकली होती. दोन्ही करड्या. ज्यानं मान खोलली त्याला हे ठाऊक असायला हवं, आणि या पोराला ठाऊक नव्हतं.

उठताना तिनं फक्त त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. न केलेला गुन्हा माणूस अंगावर घेतो तो एक तर भीतीनं, नाही तर मायेनं. आणि या पोराच्या डोळ्यात भीती नव्हती.

दुकानात येऊन तिनं डब्यातून ती उतरलेली बॅटरी काढली. बॅटरीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर तारीख. अक्षर सिंधूताईंचं, नागसेनभाऊंच्या बायकोचं. दर कार्यक्रमाला नवी बॅटरी आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख, हा त्यांचा नेम. ही काटोलच्या दिवसाची होती. मीटर लावलं. पार उतरलेली.

आता बघा. हे दिवे इतके भडक केलेले, की एका कार्यक्रमात एक बॅटरी खातात. आणि ते पेटतात कधी? जॅकमध्ये केबल असेल तेव्हाच, आणि केबल तर कार्यक्रम संपल्यापासून आनंदरावांच्या गाडीत पडलेली होती. तिसऱ्या गाण्यावर दिवे विझले असते, तर बॅटरी निम्मी तरी भरलेली राहिली असती. मग पुढच्या दहा गाण्यांत तिला खाल्लं कोणी?

दिव्यांनीच खाल्लं. ते शेवटच्या गाण्यापर्यंत जळत होते.

मायाताईनं मीटर खाली ठेवलं. दिवे गेलेच नव्हते. अंकितनं ते पाहिलं होतं, म्हणून तो गप्प होता. मग तिसऱ्या गाण्यावर गेलं ते काय?

आणि आठ वर्षांतलं एकेक आठवायला लागलं. आधी लहान लाल दिवे. तीन वर्षांनी भाऊ परत आले, "माया, जरा मोठे बसव गा." दोन वर्षांनी परत, "पांढरे कर, अजून ठळक." गेल्या दिवाळीत तर तिनं चिडवलं होतं, "भाऊ, एवढ्या उजेडात पेपर वाचता का?" भाऊ हसले होते. तीही हसली होती! तिला वाटलं, हौस आहे म्हाताऱ्याची.

५

रविवारी दुपारी ती बेझनबागेत नागसेनभाऊंच्या घरी गेली. मार्च महिन्याचं लख्ख ऊन दारातून आत आलं होतं, तरी खोलीत ट्यूबलाइट जळत होती. सिंधूताई चहाला आत गेल्या. भाऊ खुर्चीत ताठ बसले होते.

"कोण, माया? ये."

ती समोर बसली. खिशातून गिटारचा तो तिरपा स्क्रू काढून तळहातावर ठेवला आणि हात त्यांच्यासमोर धरला. भाऊ तिच्या चेहऱ्याच्या दिशेनं हसत राहिले. तळहात तसाच राहिला.

"भाऊ," ती म्हणाली, "स्क्रू तिरपा बसला होता. आजूबाजूनं लाकूड ओरबाडलं. अन् दोन्ही वायरी कापल्या. एक कापली असती तरी दिवे गेले असते. ज्याले दिसते तो एकच कापते."

भाऊंचं हसू गेलं. आत भांडं वाजलं, मग तेही थांबलं. सिंधूताई दाराशी येऊन उभ्या होत्या.

"कधीपासून?" मायाताईनं विचारलं.

"शुगर पंधरा वर्षांची," भाऊ म्हणाले. "उजवा डोळा दोन वर्षांपासून धूसर. डाव्यावर भागत होतं. अंधारात तुये दिवे तेवढे दिसत. त्या दिवशी तिसऱ्या गाण्यात कोणी डोळ्यात शाई ओतावी तसं झालं. शपथ सांगतो, मले खरंच वाटलं दिवे गेले. खाली उतरलो, बल्बाखाली बसलो, तरी डाव्या डोळ्यापुढं काळंच. तेव्हा समजलं."

"अन् मले नाही सांगतलं?" सिंधूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हात धरून दवाखान्यात नेलं असतं मी. डोकं दुखते म्हणून बसून राह्यले. मी रोज बाम लावून राहिली, बाप्पा!"

"दवाखान्यात नेलं असतं तं संचात कळलं असतं. आंधळ्याले कोण उभं करते स्टेजवर? तीस वर्षं मले दुसरं काय येते?" भाऊ हातांनी गुडघे चोळत होते. "मंग आनंदराव म्हणाला, गिटार मायाले दाखवू. तू तपासणार अन् म्हणणार दिवे तं चांगले आहेत. तं मंग गेलं काय, असं लोक विचारणार. ही बाजारात गेली तेव्हा चाचपत मान खोलली अन् कापून टाकलं. वाटलं, तू म्हणशील जुनी वायर तुटली. विषय संपन."

"अन् मी म्हटलं कापली."

"हाव. तू लय हुशार आहे."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मायाताईला जास्त लागलं.

"अन् अंकित, भाऊ? त्याचं नाव गेलं तेव्हा?"

म्हाताऱ्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "रोज सकाळी ठरवतो, आज फोन करतो. दुपार होते, मंग जीभ उचलत नाही. पहिल्या दिवशी सांगणं सोपं होतं, माया. रोज एकेक दिवसानं जड होऊन राहिलं." आणि तो माणूस, ज्याला तिनं तीस वर्षांत कधी आवाज चढवतानाही पाहिलं नव्हतं, दोन्ही हातांत तोंड घालून हमसाहमशी रडला. सिंधूताई जागच्या हलल्या नाहीत. मग पुढं आल्या आणि त्यांनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. रागातही पुसलंच.

६

सोमवारी संध्याकाळी रियाजाच्या खोलीत सिंधूताईंचा हात धरून नागसेनभाऊ आले. मायाताईनं अंकितला आणि दीपमालाला बोलावून घेतलं होतं. आधी ती बोलली, की वायर पाहून मी अर्धंच बोलले आणि या पोराचं नाव बुडवलं; मला माफ करा. मग भाऊ उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

आनंदराव खाली सतरंजीवर बसले. "तीस वर्षं सोबत जेवलो गा आपण," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी अंकितपुढे हात जोडले. पोरानं ते हात धरून खाली केले. दीपमाला भिंतीकडे तोंड करून रडत होती. सौरव म्हणाला, चौदा एप्रिलला अंकितच बेसवर उभा राहील, आणि हे मी सगळ्या संचवाल्यांना सोता फोन करून सांगतो. त्यानं त्या रात्रीच सगळे फोन केले.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात भाऊंना अंकितच घेऊन गेला. मायाताईही होती. डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ तपासलं. डाव्या डोळ्यात रक्त उतरून पडदा सुटला होता. "कधी झालं हे?" त्यांनी विचारलं. सोळा दिवस ऐकल्यावर त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. पहिल्याच आठवड्यात आणलं असतं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. डावा गेला. उजवा जेवढा आहे तेवढा टिकवायचा प्रयत्न करू, म्हणाल्या.

बाहेर बाकावर तिघं बसले. नंबर पुकारणं चालू होतं, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. भाऊंनी चाचपत अंकितचं मनगट धरलं.

"तुले तं त्याच रात्री समजलं होतं," ते म्हणाले. "दिवे पेटलेले तू पाह्यले. एक शब्द बोलला असता तं तुयं नाव वाचलं असतं. काहून नाही बोलला गा?"

अंकितनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी बोलाल म्हणून वाट पाहून राहिलो होतो, काका."

भाऊंनी मनगट सोडलं नाही.

मायाताई उठून पाण्याच्या टाकीकडे गेली. बाकावर बसणं तिला सोसवेना. त्या सोळा दिवसांतले सहा तिच्या वाक्यानं खाल्ले होते. तिनं कापलेली वायर पाहिली त्या बुधवारी दोष पुकारण्याऐवजी उठून भाऊंच्या घरी जाऊन नुसतं 'कसे आहात' विचारलं असतं, तर दहावा दिवसच होता तेव्हा. कदाचित काही झालं असतं, कदाचित नसतंही. हे कोणत्या मीटरवर कळणार?

तिनं ग्लास भरला आणि भाऊंच्या हातात नेऊन दिला.